पावलाचा दाखला

तिसरीच्या बाईंनी भूगोल वर्गाबाहेर शिकवायचं ठरवलं, त्या दिवशी त्यांना कुणीतरी अडवायला हवं होतं. पण अडवणार कोण? मुख्याध्यापक, म्हणजे शाळेचे मोठे सर, कुठल्याशा सभेला गेले होते. चौथीच्या बाई रजेवर होत्या. राहिले शिपाईकाका, आणि त्यांचं मत विचारायची शाळेत पद्धत नव्हती. त्यांनी ते न विचारता दिलं.

"बाई, पोरं वर्गात आहेत तोवर ठीक," फाटकाची कडी काढता काढता ते म्हणाले. "एकदा बाहेर सोडली की मोजून घ्यावी लागतात."

बाईंनी मोजून घेतली. एकतीस.

नकाशाचा धडा त्या शाळेत वर्षानुवर्षं एकाच रीतीने शिकवला जायचा. पुस्तकातल्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा, गिरवायचा, नदी निळी करायची, डोंगर तपकिरी करायचा, आणि तपकिरी खडू संपला की डोंगर जांभळा. मुलांची अशी समजूत झाली होती की डोंगर हा एक रंग आहे. बाईंना हे बघवत नव्हतं. त्या वर्षापूर्वीच लागलेल्या, अजून कायम न झालेल्या. कायम न झालेल्या माणसात जो उत्साह असतो तो त्यांच्यात काठोकाठ होता. मुलांनी शाळेपुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, स्वतःच्या पायांनी मोजावा, स्वतःच्या हातांनी कागदावर काढावा. एवढंच. यात कुणाचं काही वाकडं होईल असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं नसतं, आणि बाई तर रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या होत्या.

पहिली अडचण टेपची. शाळेकडे मोजायची टेप होती, ती कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मोठ्या सरांच्या खिशात बसून सभेला गेली होती. मग बाईंनी पावलांनी मोजायचं ठरवलं, आणि या कल्पनेवर त्या स्वतःच इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी किल्ली हजर असूनही त्यांनी टेप मागितली नाही. मुलांनी शाळेची रस्त्याकडची भिंत मोजली. कुणाची चाळीस पावलं भरली, कुणाची बावन्न. एकाची एकाहत्तर भरली, तो लंगडी घालत गेला होता. एकजण शंभर म्हणाला. का, तर त्याला शंभर आवडायचे.

वर्गात एक मुलगी होती. बारीकशी, अबोल, दोन वेण्या, आणि चालणं असं की बघणाऱ्याने घड्याळ लावून घ्यावं. मुलं तिला टिकटिक म्हणायची. टिकटिकने भिंत तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस आली. बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आजपासून टिकटिकचं पाऊल हे तिसरीचं माप. टिकटिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजवर तिला कुणी कशासाठीच निवडलं नव्हतं. खो-खोतसुद्धा ती उरायची.

पुढचे चार दिवस तिसरी रस्त्यावर होती. समोरच्या घरातल्या आजी खिडकीतून विचारत्या झाल्या, "कोण गेलं?" कारण एवढी माणसं एकदम त्यांच्या दारात याआधी फक्त त्याच प्रसंगी जमली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दोन मुलांना गोळ्या देऊन आपलं दुकान नकाशात अर्धा चौकोन वाढवून घेतलं. एक कुत्रा रोज एकाच जागी झोपायचा. नकाशात फक्त कायमच्या गोष्टी दाखवायच्या असं बाईंनी सांगितलं होतं, आणि हा कुत्रा कायमचा की तात्पुरता यावर वर्गात दोन तट पडून एकाचा सदरा फाटला.

सदरा शिवायला लांब जायला नको होतं. शाळेच्या भिंतीला लागून, फुटपाथ जिथे जरासा फुगतो तिथे, एका पत्र्याखाली मशीनमावशी बसायची. समोर पायमशीन, शेजारी बटणांचा डबा. दप्तराचे तुटलेले बंद, निसटलेल्या चेन, उसवलेल्या बगला, सगळी शाळा तिच्या हातून टाके घालून घ्यायची. मुलाला पुढ्यात उभं करून, सदरा अंगावरच ठेवून ती बटण लावायची आणि म्हणायची, "हलू नको रे, नाहीतर तुलाच शिवून टाकीन." मुलांनी तिला जीव ओतून काढलं. मशीन काढलं, पत्रा काढला, डबा काढला, डब्यातली बटणंही काढली. तिथल्या फुटपाथची रुंदी अर्थातच टिकटिकने मोजली.

"चार आणि थोडं," ती म्हणाली.

"थोडं असं काही नसतं," बाई म्हणाल्या. "नकाशात पूर्ण संख्या लिहायची."

टिकटिकने चार लिहिले.

नकाशा तयार झाला तेव्हा तो एका भिंतीला पुरेना. खालच्या कोपऱ्यात बाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'प्रमाण : एक चौकोन = टिकटिकची दोन पावलं.' मोठे सर आले, चष्मा वर करून नकाशा पाहिला, चष्मा खाली करून पाहिला, आणि म्हणाले, "याला शिक्का हवा."

मोठ्या सरांचा शिक्क्यांवर फार जीव. शिक्का नसलेली गोष्ट त्यांना उघडीवाघडी वाटे. त्यांच्या डोक्यात आलं की नकाशा नगर कार्यालयाकडे पाठवावा, त्यांनी 'उपक्रमशील शाळा' असं प्रशस्तिपत्र द्यावं, ते काचेत बसवावं आणि आपल्या खुर्चीमागे लावावं. सोबतचं पत्र बाईंनी चारदा लिहिलं. चौथ्यांदा लिहिताना त्यांनी 'नम्र' हा शब्द एका ठिकाणी कमी केला. तो तीनदा झाला होता.

नगर कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो. त्या वहीत दोन रकाने होते, तक्रार आणि मागणी. कौतुकाला रकाना नव्हता. आवक कारकुनाने बराच वेळ लेखणी हवेत धरली असणार. मागणी म्हणून चढवलं तर कार्यालयाला काहीतरी देणं भाग पडलं असतं. तेव्हा त्याने सुज्ञपणे तक्रार म्हणून चढवलं. तिथून तो कागद पुढच्या टेबलावर गेला. त्या टेबलाचं काम एकच : तक्रार कशाबद्दल आहे ते शोधणं. पत्रात तक्रार सापडेना. मग त्यांनी नकाशा उघडला. आणि नकाशात, फुटपाथच्या ऐन मध्यावर, डब्यातल्या बटणांसकट, तक्रार बसलेली होती.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत मशीनमावशी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. ती शाळेच्या आत कधी येत नसे. हातात चौघडी केलेला कागद होता.

"बाई, एवढं जरा वाचता का? चष्म्याचा नंबर वाढलाय."

बाईंनी वाचायला घेतलं. 'शाळेने केलेल्या सचित्र तक्रारीनुसार आपण पदपथावर अडथळा केल्याचे निदर्शनास आले असून...' बाईंचा आवाज तिसऱ्या ओळीत बसला.

"कुणी केली म्हणायची तक्रार?"

"मावशी, आम्ही नाही हो. म्हणजे आम्हीच, पण तक्रार नाही. मुलांनी नकाशा काढला ना, त्याचं त्यांनी..."

"तो नकाशा? दाखवला की मला पोरांनी." मावशीने कागद परत घेतला आणि होत्या त्याच घड्यांवर मिटला. "छान काढलंय मला. फक्त नाक मोठं झालंय." मग दाराच्या चौकटीवरून हात काढत ती म्हणाली, "मी बावीस वर्षं बसतेय तिथे. आता कुठे जाऊन बसणार? गिऱ्हाईक माणसाला ओळखत नसतं बाई, जागेला ओळखतं."

त्या संध्याकाळी बाईंनी घरची टेप आणून फुटपाथ मोजला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून नगर कार्यालय गाठलं. तक्रार मागे घेतल्याचा अर्ज त्यांनी आवक खिडकीत दिला, आणि पदपथ बघणारे साहेब ज्या खोलीत बसत तिथे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. तो फक्त बसलेला होता, आणि बसून बसून खुर्चीच्या आकाराचा झाला होता.

"तक्रार मागे घ्या की," साहेब म्हणाले. "अर्ज दिलात ना? होईल त्याच्या वेळेने. पण नकाशाचं काय?"

"नकाशाचं काय?"

"तो दप्तरी लागला. त्या रस्त्याचा आमच्याकडे दुसरा नकाशाच नाही. जुना होता, तो भिजला. तुमचा इतका नेटका, तीन खात्यांनी प्रती नेल्या." बाईंना त्याही परिस्थितीत क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईट वाटलं. "आता नियम असा आहे, बाई. फुटपाथ आठ फूट असेल तर त्या बाईला बसता येतं. सात असेल तर उठावं लागतं. नकाशा म्हणतो, चार पावलं. पाऊल म्हणजे किती फूट?"

"मी मोजलाय फुटपाथ. आठ फूट दोन बोटं भरतो."

"कशाने मोजलात?"

"घरच्या टेपने."

साहेबांनी दयेने मान हलवली. "घरची चालत नाही."

"मग तुमची घेऊन चला. ती काय, तुमच्या टेबलावरच आहे." टेबलावर कागद उडू नयेत म्हणून खरोखरच एक टेप ठेवली होती.

"ती मोजणीदाराच्या नावावर आहे. मोजणीदाराची जागा तीन वर्षं रिकामी आहे. मला तिने कागद दाबता येतात, फुटपाथ मोजता येत नाही." साहेब पुढे वाकले. "तुम्हीच पाऊल हे माप दिलंय ना? मग ते कुणाचं, किती लांबीचं, याचा दाखला आणा मुख्याध्यापकांच्या सहीने. पाऊल दोन फुटांचं भरलं की चार पावलांचे झाले आठ फूट. मी डोळे मिटून सही करतो. येत्या शनिवारी मी स्वतः येईन. मुलगी हजर ठेवा."

घरी आल्यावर बाईंनी हे सगळं सांगितलं. बाईंच्या नवऱ्याने ताटावरून मान न उचलता निकाल दिला, "दोन फूट लिहून टाक दाखल्यात. कोण बघतंय?"

"साहेब बघणार आहे. मुलगी चालणार आहे त्याच्यासमोर."

"मग मुलीला सांग, लांब टाक म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मोठ्या भावाला शिपायांच्या भरतीत असंच उंच करून नेलं होतं. टाचेखाली पुठ्ठा."

"आई, तो भरतीत पडला होता ना?"

"पडला, पण उंच दिसला."

हे चाललेलं असताना बाईंची दीड वर्षाची मुलगी भिंत सोडून दोघांच्या मधून दुडक्या चालीने स्वयंपाकघरात गेली आणि परत आली, कुणाकडेही न बघता, आपल्याच कामात. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. टिकटिकचं पाऊल त्यांनी त्याच दिवशी शाळेत हळूच मोजलं होतं. पावणेदोन फूट. चार पावलांचे सात फूट. राहिलेला सगळा फूट 'थोडं' या शब्दात होता, आणि तो शब्द त्यांनी खोडायला लावला होता.

ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण गुरुवारपर्यंत अख्ख्या रस्त्याला माहीत झालं होतं की मशीनमावशीची जागा टिकटिकच्या पावलावर आहे. मग सल्ल्यांना काय तोटा. दुकानदाराने टिकटिकला बोलावून दोन फुटांवर दोन फरशांच्या रेघा दाखवल्या आणि म्हणाला, "या रेघेवरून त्या रेघेवर. बघू?" खिडकीतल्या आजींनी वरून सांगितलं, "कमरेतून टाक गं, गुडघ्यातून नको." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी, जे आयुष्यभर कसल्याशा खात्यात मापंच तपासत होते, मुलीने नव्या टाचेचे बूट घालावेत आणि आदल्या दिवशी पायांना तेल लावावं असं सुचवलं. बाईंनी स्वतः काय केलं? सांगायला लाज वाटते. बाईंनी खेळाच्या तासाला मैदानावर दोन-दोन फुटांवर चुन्याच्या खुणा मारल्या आणि सगळ्या वर्गाला 'खेळ म्हणून' त्यावरून चालवलं. तीस मुलं उड्या मारत गेली. टिकटिक एकटी खाली बघत, ओठ दाबून, एकेक खूण गाठत गेली.

शुक्रवारी मोठ्या सरांनी बाईंना बोलावलं. टेबलावर शाळेच्या जागेचा कागद उघडा होता, आणि सरांच्या कपाळावर घाम होता.

"बाई, दोनाचा पाढा येतो ना?"

"येतो, सर."

"मग म्हणा. अठ्ठेचाळीस दुणे?"

"शहाण्णव."

"शहाण्णव! आपली रस्त्याकडची भिंत अठ्ठेचाळीस पावलं. पाऊल दोन फुटांचं धरलं तर भिंत शहाण्णव फूट. आणि कागदावर आपली जागा किती आहे? नव्वद." सर खुर्चीतून अर्धे उठले. "सहा फूट जास्त! त्याच नकाशाने त्या बाईचं छप्पर वाचेल आणि तुमचा तिसरीचा वर्ग हद्दीबाहेर जाईल. तोच साहेब उद्या आपल्याला नोटीस देईल."

"पण सर, भिंत खरी तर चौऱ्याऐंशी फूट आहे."

"खरी किती आहे ते कोण विचारतंय? दप्तरात काय लागतं ते बघा!" मग सर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीचं पाऊल आखूड आहे, बाई. देवाने दिलंय तेवढं असू दे. तुमचा कायम करण्याचा कागद याच महिन्यात माझ्याकडे येतोय, तो मला आनंदाने पुढे पाठवायचाय."

बाई बाहेर आल्या तर व्हरांड्यात टिकटिकची आई उभी. तिला कामावरून उशीर होत होता हे तिच्या पदर खोचण्यावरून दिसत होतं.

"बाई, हिला काय झालंय? घरात चालेना झालीय. मोरीपर्यंत जायचं तर दारात उभी राहते आणि विचारते, आई, केवढं टाकू? काल जिन्यात बसून राहिली. मी उचलून आणली वर. आठ वर्षांच्या घोडीला उचलायचं वय आहे का माझं?"

"मी बोलते तिच्याशी," बाई म्हणाल्या.

पण बोलणार काय होत्या? लांब टाक म्हटलं तर शाळा, आखूड टाक म्हटलं तर मावशी. दोन्ही म्हटलं नाही तरी मुलीच्या पायात काहीतरी अडकलेलंच होतं, आणि ते बाईंनीच अडकवलं होतं. त्या बोलल्या नाहीत. तपासायच्या वह्या होत्या, त्या तपासल्या.

शनिवारी साहेब आले. साहेबांबरोबर एक पॅडला लावलेला कोरा अर्ज आला, मोठ्या सरांबरोबर कपाटातली टेप आली आणि टेपबरोबर अख्खा रस्ता आला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. शाळेची टेप मुलीचं पाऊल मोजायला चालत होती, कारण मुलगी शाळेची होती. फुटपाथ मोजायला चालत नव्हती, कारण फुटपाथ शाळेचा नव्हता. बाईंनी पुन्हा एकदा विचारून पाहिलं. साहेबांनी पुन्हा एकदा दयेने मान हलवली.

शिपाईकाकांनी फुटपाथवर खडूने एक रेघ मारली. "इथून दहा पावलं चालायचं, बाळ," साहेब म्हणाले. "मग आपण दहाने भागू. घाबरायचं काही नाही." हे सांगताना त्यांचाच आवाज घाबरल्यासारखा झाला. त्यांनाही माणसं जमलेली आवडत नसावीत.

टिकटिक रेघेवर उभी राहिली. तिच्या आईने तिला इस्त्रीचा गणवेश घातला होता. पायात नवे बूट होते, कुणी दिले होते कोण जाणे, एक माप मोठे.

"लांब गं, लांब!" दुकानदार ओरडला.

"कमरेतून!" खिडकीतून.

मोठे सर खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ शाळेतलं लहान मूलही ओळखायचं.

मशीनमावशी पत्र्याखाली आपल्या स्टुलावर बसली होती. हातात कुणाचं तरी दप्तर होतं आणि ती त्याचा बंद शिवत होती, या सगळ्याशी आपला संबंध नसल्यासारखी. फक्त मशीनचा पाय थांबला होता आणि सुई कापडात अर्ध्यावर होती.

टिकटिकने मान वळवून बाईंकडे पाहिलं. "बाई, कशी चालू?"

सगळा रस्ता बाईंकडे बघायला लागला. हा प्रश्न बाईंनी तीन दिवस अंगावरून झटकला होता. आता तो असा मधोमध येऊन उभा राहिला होता, दोन वेण्या घालून. बाईंना बोलता आलं असतं. साहेब, त्या मुलीने 'चार आणि थोडं' सांगितलं होतं, थोडं मी खोडलं, चूक माझी आहे, ही लिहून घ्या. एवढंच वाक्य. तयारसुद्धा होतं. पण मोठे सर बाजूला उभे होते, आणि सरांच्या खिशातून पेनाचं टोपण दिसत होतं, आणि बाईंच्या तोंडून दुसरंच बाहेर पडलं.

"रोजच्यासारखी चाल," त्या म्हणाल्या.

टिकटिकने उजवा पाय उचलला. आणि तो तसाच राहिला. पुढे जाईना, मागे येईना. रोज आपण कसं चालतो हे तिला आठवेना. बुटाचं टोक हवेत थरथरत होतं. तिने दोन्ही हात आडवे पसरले, तोल जाऊ नये म्हणून, आणि मग तिच्या डोळ्यांतून आवाज न करता पाणी यायला लागलं. पाय मात्र तिने खाली ठेवला नाही. ठेवला की तो मोजला जाणार होता.

"टाक की गं," कुणीतरी म्हणालं, पण आता हळू.

मशीनचा आवाज झाला. मावशीने चाक हाताने फिरवून सुई कापडाबाहेर काढली, दोरा दाताने तोडला, आणि दप्तर ज्याचं होतं त्याच्या हातात दिलं. मग ती उठली, टिकटिकजवळ आली, खाली बसली आणि तो उचललेला पाय दोन्ही हातांत धरून अलगद जमिनीवर टेकवला.

"झालं. काही मोजायचं नाही. मी उठले बघ."

"मावशी, तसं नाही..." बाई पुढे झाल्या.

"राहू द्या हो, बाई." मावशी रागावलेली नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. "पोरीने उद्या चालायला नको का?"

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि अर्जावर लिहिलं, 'अडथळा स्वेच्छेने दूर.' साक्षीदार म्हणून मोठ्या सरांनी सही केली. दुसरी साक्ष हवी होती. साहेबांनी पेन बाईंपुढे धरलं, आणि बाईंनी सही केली. अक्षर सुवाच्य आलं. तासाभरात हातगाडीवर मशीन चढलं, पत्रा चढला, स्टूल चढलं. शिपाईकाका गाडीला हात लावायला गेले तर मावशी म्हणाली, "राहू दे, तुझी कंबर." मुलांचे वर्ग चालू होते. तिसरीला बाई गुणाकार शिकवत होत्या.

बाई त्याच महिन्यात कायम झाल्या. नवऱ्याने पेढ्यांचा पुडा आणला. सासूबाईंनी शेजारी वाटला. टिकटिक हळूहळू चालायला लागली. आधी आईचं बोट धरून, मग भिंतीला हात लावून, मग नुसतीच. मात्र आता तिच्या चालण्यावर कुणी घड्याळ लावून घेतलं नसतं. मुलांची बटणं निसटतच राहिली. सेफ्टीपिना लावून मुलं यायला लागली आणि दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी पोटाला टोचायचं.

त्यानंतर महिनाभराने पोस्टमन वर्गाच्या दारात आला. त्याच्या हातात नगर कार्यालयाचं लांबुडकं पाकीट होतं, आणि त्यावर पत्ता होता, 'शिवणकाम करणारी महिला, शाळेच्या भिंतीलगत.'

"भिंतीलगत तर कुणीच नाही," पोस्टमन म्हणाला. "शिपायाने सांगितलं, तुम्हाला विचार. घेता, की परत पाठवू?"

बाईंनी सही करून घेतलं. कायम झाल्यापासून त्यांना सही करायची सवय झाली होती. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नसतं हे त्या तिसरीला शिकवायच्या. त्यांनी ते उघडलं. 'सदर तक्रार मागे घेण्याबाबत तिसरीच्या शिक्षिका यांचा अर्ज मंजूर करण्यात येत आहे. मोजणीदार पदावर नेमणूक होईपर्यंत आपण आहात त्या जागी बसण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' खाली शिक्का होता. गोल, जांभळा, अगदी मोठ्या सरांना आवडेल असा.

बाईंनी कागद पाकिटात परत घातला. मग वर्गाकडे वळल्या.

"मुलांनो, मशीनमावशी कुठे राहायची? कुणाला माहितीय?"

एकही हात वर आला नाही. हे नवल होतं; तिसरीत काहीच माहीत नसलं तरी हात वर असायचे.

"बरं, निदान दिशा सांगा. संध्याकाळी ती घरी कुठल्या बाजूला जायची? दुकानाच्या? की आजींच्या खिडकीच्या?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना सावलीवरून पूर्व सांगता येत होती. रस्त्यावरचे खांब पाठ होते, नळाचं तोंड कुठे वळलंय तेही माहीत होतं. एकजण म्हणाला, दुकानाच्या. दुसरा म्हणाला, छे, तिकडून तर ती कधीच यायची नाही.

शेवटी खिडकीजवळच्या बाकावरून टिकटिक उठून उभी राहिली. पुस्तकाचं पान बोटाने धरून ठेवलेलं होतं.

"आम्हाला नाही माहीत, बाई," ती म्हणाली. "आम्ही यायचो तेव्हा ती असायची. आणि आम्ही जायचो तेव्हापण असायचीच."